न दिसणाऱ्याचे चित्र

मुलांसाठी लिहिलेल्या सचित्र माहितीपर पुस्तकांचा इतिहास सांगणारे अभ्यासक बहुधा एकाच पुस्तकापासून आरंभ करतात. ते पुस्तक म्हणजे १६५८ साली जर्मनीतील न्युरेम्बर्ग येथे मिखाएल एंड्टर याने प्रसिद्ध केलेले 'ऑर्बिस सेन्सुआलियुम पिक्टुस'. नावाचा अर्थ मराठीत आणायचा तर 'इंद्रियगोचर सृष्टीचे चित्र' असे काहीतरी म्हणावे लागेल. कर्ता यान आमोस कोमेन्स्की. लॅटिन वळणाने कोमेनियस. 'मुलांचे पहिले सचित्र पुस्तक' अशी त्याची ख्याती आहे. 'पहिले' हे विशेषण इतिहासात जपूनच वापरावे लागते. पण त्याहून मोठी अडचण अशी की या ख्यातीमुळे पुस्तकाचे मूळ प्रयोजनच झाकले जाते. हे पुस्तक विज्ञान शिकवण्यासाठी लिहिले गेले नव्हते, भूगोल शिकवण्यासाठीही नव्हते. ते भाषेचे क्रमिक पुस्तक होते. लॅटिन शिकवता शिकवता त्यात सगळे जग येऊन बसले.

शिक्षणशास्त्राच्या मंडळींनी कोमेनियसला आपलेसे केले, म्हणून की काय, साहित्याचे विद्यार्थी त्याच्याकडे फारसे फिरकत नाहीत. आम्हाला मात्र हे पुस्तक शब्द, अर्थ आणि वस्तू यांच्या संबंधाविषयीचा एक मूलभूत प्रयोग वाटत आले आहे. त्या दृष्टीनेच येथे त्याचा विचार केला आहे.

कोमेनियसचा जन्म १५९२ साली मोरावियात झाला. आईवडील लहानपणीच गेले. लॅटिनचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते सोळाव्या वर्षी, म्हणजे त्या काळाच्या मानाने फारच उशिरा. समजत्या वयात घोकंपट्टीच्या शाळेत बसावे लागल्यामुळे त्या शाळेचे दोष त्याला लहान मुलापेक्षा अधिक स्पष्ट दिसले असावेत, असा तर्क करायला हरकत नाही. पुढे तो 'बोहेमियन बंधुसंघ' या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १६१८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध पेटले. १६२० मधील पराभवानंतर बोहेमिया आणि मोरावियातल्या प्रोटेस्टंटांवर संकट कोसळले. फुल्नेक या त्याच्या गावाची लूट झाली, त्याची पुस्तके जाळली गेली, पत्नी आणि दोन मुले साथीत दगावली. १६२८ पासून तो पोलंडमधील लेश्नो येथे निर्वासित म्हणून राहू लागला. १६४८ चा तह झाला तेव्हा तरी मायभूमीला परतता येईल अशी आशा होती; तीही फोल ठरली. आणि १६५६ मध्ये दुसऱ्या एका युद्धात लेश्नो जळाले तेव्हा चाळीस-बेचाळीस वर्षे खपून जमवलेले चेक भाषेच्या कोशाचे हस्तलिखित आगीत गेले. अखेरची चौदा वर्षे अ‍ॅमस्टरडॅममध्ये काढून १६७० मध्ये तो वारला.

हा तपशील करुणरसासाठी दिलेला नाही. ज्याचा मातृभाषेचा कोश जळाला त्याच माणसाचे, चित्रे आणि शब्द शेजारी ठेवणारे पुस्तक दोनच वर्षांनी छापून बाहेर पडले, ही गोष्ट मनात ठेवून ते वाचावे लागते. आपल्याकडचा काळ लक्षात यावा म्हणून सांगायचे तर प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली ती याच्या पुढच्याच वर्षी, १६५९ मध्ये.

'ऑर्बिस'च्या आधी, १६३१ मध्ये, कोमेनियसने 'भाषांचे उघडलेले द्वार' अशा अर्थाचे नाव असलेले एक लॅटिन क्रमिक पुस्तक काढले होते. सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत गुंफलेले. वाक्ये विषयवार लावलेली. त्याचा युरोपभर बोलबाला झाला. पण त्यातली उणीव त्याला स्वतःला जाणवत होती: शब्द वाक्यात बसला, तरी वस्तू कुठे आहे? ज्या मुलाने बैठा माग पाहिलेला नाही त्याला मागाच्या सात भागांची सात लॅटिन नावे पाठ करून काय मिळणार? एका अनोळखी आवाजाच्या जागी दुसरा अनोळखी आवाज, इतकेच. जे इंद्रियांत आले नाही ते बुद्धीत येत नाही, हे जुने तत्त्व त्याने या पुस्तकाच्या प्रस्तावनेत पुन्हा पुढे केले.

पुस्तक लिहिले गेले हंगेरीत, शारोश्पतक येथे. तिथल्या राजघराण्याच्या निमंत्रणावरून तो १६५० ते १६५४ या काळात शाळा सुधारण्यासाठी गेला होता. मजकूर तयार होता, पण चित्रांचे ठसे कोरू शकेल असा कारागीर त्या गावी नव्हता. हस्तलिखित न्युरेम्बर्गला गेले आणि छापून यायला काही वर्षे लागली. लेखकाचे काम संपल्यावरही पुस्तक अपुरे असणे, चित्रकाराशिवाय ते पुस्तकच न होणे, ही स्थिती या प्रकारच्या लेखनाला तेव्हापासूनच चिकटली आहे.

चित्रे लाकडी ठशांवर कोरलेली होती, याला तांत्रिक महत्त्व आहे. लाकडी ठसा आणि शिशाचे खिळे दोन्ही उठावाचे; दोन्हींना एकाच वेळी शाई लावून एकाच दाबात पान छापता येते. तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीव चित्राला वेगळे यंत्र आणि वेगळा दाब लागतो. कोमेनियसला हवी होती ती चित्र आणि मजकूर यांची एका पानावरची जवळीक लाकडी ठशामुळे स्वस्तात साधली. (चार्ल्स हूल याने १६५९ मध्ये लंडनहून काढलेल्या इंग्रजी आवृत्तीत तांब्यावरची चित्रे आहेत, ती अधिक नाजूक आहेत, पण आमचे मन ओबडधोबड लाकडी चित्रांकडेच ओढ घेते.)

एकूण १५० धडे. प्रत्येकाच्या माथ्यावर एक चित्र, खाली दोन रकाने: एकात लॅटिन, दुसऱ्यात जर्मन. चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे कोरलेले, आणि तेच आकडे दोन्ही रकान्यांतल्या त्या त्या शब्दाला जोडलेले. छापखान्याचा धडा घ्या. जुळारी केसमधून खिळे उचलतो आहे, ओळ जुळवतो आहे. दुसरा माणूस शाई लावतो आहे, यंत्राचा दांडा ओढला जातो आहे. मजकूर ही कामे क्रमाने सांगतो, आणि प्रत्येक नामाशी आकडा आहे. मूल शब्दावरून चित्राकडे जाते, चित्रावरून शब्दाकडे येते, आणि या येरझाऱ्यांत वाक्यरचना आपोआप अंगवळणी पडते. चित्र येथे सजावट नाही आणि शब्दाचा पर्यायही नाही. चित्र एकदम सगळे दाखवते, वाक्य एकामागून एक सांगते. चित्रात क्रम नाही आणि वाक्यात अवकाश नाही. या दोन अपुऱ्या गोष्टी आकड्याच्या दोऱ्याने बांधण्यात कोमेनियसची खरी प्रतिभा दिसते. आजच्या कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकातली हृदयाची आकृती आणि तिला फुटलेल्या नावांच्या रेघा पाहिल्या की तोच दोरा ओळखू येतो.

पुस्तकाच्या आरंभी सजीव वर्णमाला आहे, तीही पाहण्यासारखी. आपल्याकडच्या अंकलिपीत 'ग गणपतीचा' असे अक्षर नामाच्या आधाराने येते. कोमेनियसकडे अक्षर आवाजाच्या आधाराने येते: कावळा, कोकरू, लांडगा, बेडूक, रडणारे तान्हे मूल, वाहणारा वारा, आणि प्रत्येकाच्या तोंडचा ध्वनी. लिपी शिकण्याआधी मुलाला सृष्टीचा कोलाहल ऐकवणारी ही कल्पना आम्हाला फार गोड वाटते.

मराठी आणि संस्कृतच्या अभ्यासकाला 'ऑर्बिस'ची विषयसूची वाचताना अमरकोश आठवल्यावाचून राहत नाही. ईश्वर, जग, आकाश, अग्नी, वायू, जल, ढग, भूमी, मग वनस्पती, प्राणी, माणूस, त्याचे शरीर, त्याचे व्यवसाय, नगर, राज्य, धर्म, असा कोमेनियसचा उतरता आणि पुन्हा चढता क्रम. अमरसिंहाकडे स्वर्गवर्ग, व्योमवर्ग, दिग्वर्ग, कालवर्ग येतात. मग भूमिवर्ग, पुरवर्ग, शैलवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग, मनुष्यवर्ग. शब्द अकारविल्हे न लावता जगाच्या मांडणीप्रमाणे लावायचे, म्हणजे कोश शिकता शिकता जगाची रचनाही मनात बसते, ही दृष्टी दोघांत समान आहे. आपल्याकडे ती दृष्टी सतराव्या शतकातही जिवंत होती. 'ऑर्बिस'नंतर जेमतेम वीस वर्षांनी, १६७७ च्या सुमारास, शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेला राजव्यवहारकोशही दहा वर्गांतच रचलेला आहे. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत एका राज्याचे सगळे जग त्यात येते.

मात्र फरकही तितकाच मूलगामी आहे. अमरकोश छंदोबद्ध आहे. तो कंठात ठेवण्यासाठी आहे. वनौषधिवर्ग मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्याला एकेका झाडाची दहा-दहा नावे येतात. ते झाड समोर आले तर तो ओळखेलच असे नाही. हा अमरसिंहाचा दोष नव्हे. त्याच्यासमोर कवी होता, आणि कवीला पर्यायशब्दांची गरज असते. त्यातून पिढ्यानपिढ्या टिकणारी स्मृती तयार झाली, जी 'ऑर्बिस'ला कधी साधली नाही. 'ऑर्बिस' पाठ करता येतच नाही, तो उघडून पाहावाच लागतो. एका परंपरेने जग कानात साठवले, दुसरीने डोळ्यांसमोर मांडले. आपल्या शालेय पुस्तकांत चित्र अजूनही पुष्कळदा पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसलेले दिसते. त्याची कारणे आपण छपाईच्या खर्चात शोधतो. काही अंशी ती या कानाच्या परंपरेत असावीत अशी आमची समजूत आहे.

'ऑर्बिस'चा खरा कस लागतो तो मात्र माग किंवा छापखान्याच्या धड्यात नाही. नावातच 'इंद्रियगोचर' असे म्हणून बसलेल्या या लेखकाला मुलांना अशाही गोष्टी सांगायच्या होत्या ज्या इंद्रियांना दिसतच नाहीत. पहिलाच धडा ईश्वराचा. तेथे मानवी रूप न काढता तेजाची आकृती काढून त्याने वेळ निभावली. सद्गुणांच्या धड्यांत परंपरेने दिलेल्या स्त्रीरूपी प्रतिमा उपयोगी पडल्या. ४३ वा धडा आत्म्याचा आहे. तेथे एका पडद्यावर टिंबाटिंबांनी रेखाटलेली माणसाची नुसती बाह्यरेषा दिसते; आत काही नाही, रेष सलग नाही. आत्म्याचे चित्र काढता येत नाही, हे चित्रातूनच सांगायचे होते. शब्दाने 'अवर्णनीय' म्हणून मोकळे होणे सोपे असते. लाकडावर कोरणाऱ्याला ती सोय नसते. त्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ती टिंबांची रेघ आम्हाला या सबंध पुस्तकातली सर्वांत प्रामाणिक रेघ वाटते.

असाच प्रामाणिकपणा प्रस्तावनेतही आढळतो. रंग, चव यांसारख्या गोष्टी काळ्या शाईने दाखवता येत नाहीत हे तो कबूल करतो आणि अशा वस्तू शाळांनी प्रत्यक्ष जवळ बाळगाव्यात असे सुचवतो. मुलांनी चित्रे स्वतः काढून पाहावीत, हवी तर रंगवावीत, असेही म्हणतो. म्हणजे पुस्तक स्वतःच्या मर्यादेवर बोट ठेवते आणि वाचकाला पुस्तकाबाहेर पाठवते.

पण इंद्रियांवरचा हा भरवसा त्याला एका ठिकाणी चांगलाच महागात पडला. विद्यार्थी असताना, १६१४ मध्ये, कोमेनियसने कोपर्निकसच्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित विकत घेतले होते; सूर्याभोवती पृथ्वी फिरते हे मांडणारी पाने कोपर्निकसच्या हस्ताक्षरात त्याच्या मालकीची होती. तरीही 'ऑर्बिस'मध्ये पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे आणि आकाश तिच्याभोवती फिरते. डोळ्यांना तसेच दिसते ना! विज्ञानाचा मोठा भाग डोळ्यांना जसे दिसते त्याच्या विरुद्ध आहे, आणि 'आधी इंद्रिये, मग बुद्धी' या सूत्रात त्याला जागा कशी करून द्यायची, हा प्रश्न त्याने पुढच्यांसाठी सोडला.

पुस्तक मात्र चालले, आणि खूप चालले. १६६६ पर्यंत चार भाषांतली आवृत्ती निघाली. १६८५ मध्ये चेक भाषेसह आवृत्ती निघाली, पण ती पाहायला कोमेनियस नव्हता. गटेने आपल्या बालपणीच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख केला आहे. १८१० मध्ये ते न्यूयॉर्कलाही छापले गेले. मधल्या काळात चित्रे बदलली, भाषा वाढल्या, धडे इकडचे तिकडे झाले. ही वाटचाल आम्ही येथे सोडून देतो, कारण कोमेनियसने सोडलेल्या प्रश्नाला खरे उत्तर फार पुढे मिळाले, आणि तेही पुन्हा निर्वासितांकडूनच.

ऑटो न्यूराथ हे व्हिएन्नातील तत्त्वज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ. १९२५ मध्ये त्यांनी तेथे समाज आणि अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय उभारले. तेथे येणाऱ्या कामगारांना शहरातील घरे, रोगराई, बालमृत्यू यांविषयी सांगायचे होते. जन्ममृत्यूचे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. ती आत्म्याइतकीच अदृश्य वस्तू आहे. न्यूराथ यांच्या गटाने चिन्हांची एक पद्धत घडवली, जिला १९३५ पासून 'आयसोटाइप' असे नाव मिळाले. तिचे नियम साधे आहेत. अधिक संख्या दाखवायची तर माणसाची आकृती मोठी करायची नाही. तीच आकृती अधिक वेळा काढायची. खोली आणि छायाप्रकाश यांचा मोह टाळायचा. रंग शोभेसाठी नाही, अर्थासाठी वापरायचा. ज्या रेघेने काही कळत नाही ती पुसायची. गेर्ड आर्न्ट्स या चित्रकाराने कोरलेली ती चिन्हे आज विमानतळांवर आणि रेल्वे स्थानकांवर दिसणाऱ्या चिन्हांची पूर्वज म्हणता येतील.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियातल्या राजकीय उलथापालथीमुळे न्यूराथ यांना हेगला जावे लागले. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले तेव्हा ते आणि त्यांच्या सहकारी मारी राइडेमाइस्टर माणसांनी खच्चून भरलेल्या एका बचावनौकेतून इंग्लंडकडे निसटले. तेथे त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून काही महिने नजरकैदेत ठेवण्यात आले. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर दोघांनी विवाह केला आणि ऑक्सफर्ड येथे काम पुन्हा मांडले. डिसेंबर १९४५ मध्ये ऑटो अचानक वारले. त्यानंतरची पंचवीस वर्षे हे काम मारी न्यूराथ यांनी चालवले, आणि ते बव्हंशी मुलांच्या पुस्तकांचे होते. 'इफ यू कुड सी इनसाइड' आणि 'रेल्वेज अंडर लंडन' ही दोन्ही १९४८ ची. पुढे विज्ञानाची, प्राचीन समाजजीवनाची अशी त्यांच्या गटाची पुस्तके ऐंशीच्या घरात गेली.

मारी न्यूराथ यांच्या कामाची साहित्याच्या अभ्यासकांना विशेष ओढ वाटावी असे एक कारण आहे. त्यांच्या गटात तज्ज्ञ होते आणि चित्रकार होते. त्या दोघांच्या मधोमध आणखी एक माणूस होता, त्याला ते 'ट्रान्सफॉर्मर' म्हणत. आपण त्याला रूपांतरकार म्हणू. मारी स्वतः तेच काम करीत. तज्ज्ञाकडून सगळे समजून घ्यायचे, त्यातले मुलाला काय सांगायचे आणि काय सोडायचे ते ठरवायचे, आणि मग शब्द कुठे, चित्र कुठे, याची कच्ची रेखाटने करून चित्रकाराकडे द्यायची. रूपांतर हा शब्द आपण नाटका-कादंबऱ्यांच्या संदर्भात सतत वापरतो. पण ज्ञानाचे पानावरचे रूपांतर हेही एक स्वतंत्र लेखनकर्म आहे आणि त्याला कर्ता लागतो, याची नोंद आपल्या बालसाहित्याच्या समीक्षेने क्वचितच घेतली आहे. आपल्याकडे बहुधा लेखक लिहून मोकळा होतो, चित्रकाराला मजकूर नंतर मिळतो, आणि दोघांची गाठ पडते ती छापील प्रत हाती आल्यावर. दोघेही आपापल्या जागी उत्तम असतात. पान मात्र कोणाचेच नसते.

मारी यांच्या १९४८ च्या पुस्तकाच्या नावातच संकेतार्थ आहे: 'आत पाहता आले तर'. डोळ्यांना आत दिसत नाही, हे गृहीत धरूनच ते पुस्तक उघडते. छेद घेतलेल्या आकृत्यांमधून जमिनीखालचे, भिंतीमागचे दाखवताना काय खरोखर दिसते आणि काय तर्काने जाणले आहे, हा भेद त्या चित्राच्या पद्धतीतच जपतात. सपाट रंगाची, छाया नसलेली आकृती पाहून ते छायाचित्र आहे असा भास कोणत्याही मुलाला होणार नाही. कोमेनियसच्या टिंबांच्या रेघेने जे एकदाच, आत्म्याच्या बाबतीत केले, ते येथे पानोपान होते असे आम्हाला वाटते. पृथ्वी स्थिर दिसते पण फिरते, हे अशा चित्रातून सांगता येते. कारण हे चित्र दिसण्याची बाजू घेत नाही.

यानंतर आले छायाचित्रांचे युग. १९८८ पासून लंडनच्या डॉर्लिंग किंडर्स्ली या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या 'आयविटनेस' मालेने पांढऱ्याशुभ्र पानावर वस्तूंची लखलखीत छायाचित्रे मांडली आणि जगभरच्या माहितीपर बालपुस्तकांचे रूप पालटले. हाडे, पिसे, शिरस्त्राणे हात लावता येतील इतकी खरी. मालेचे नावच 'प्रत्यक्षदर्शी'. मुलांना ती पुस्तके आवडतात आणि आम्हालाही आवडतात. मात्र त्यांची पाने चाळताना वाचन तुकड्यातुकड्यांनी होते, एका वस्तूकडून दुसरीकडे नेणारे वाक्य हरवते, हेही नोंदवायला हवे. कोमेनियसच्या आकड्याला दोन्ही बाजू होत्या. या टिपांना एकच आहे. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने मुलांच्या उत्कृष्ट माहितीपर पुस्तकासाठी एक पारितोषिक ठेवले आणि त्याला 'ऑर्बिस पिक्टस' हे नाव दिले. ते विज्ञानशिक्षकांनी नव्हे, भाषाशिक्षकांनी ठेवले, ही त्यातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

मारी न्यूराथ १९७१ मध्ये निवृत्त झाल्या आणि १९८६ मध्ये वारल्या. संस्थेचे सगळे दप्तर त्यांनी रेडिंग विद्यापीठाला दिले. छापील पुस्तकांबरोबर त्यात रूपांतरकाराची कच्ची रेखाटनेही आहेत.